मालकांनी बसवलेला चेहरा

मालकांवर चार शब्द लिहून द्या म्हणून परवा दोघं जण घरी येऊन गेले. सांगली, विटा, तासगाव भागातल्या कितीतरी लग्नाच्या शूटिंगवाल्यांना मालकांनी हाताला धरून काम शिकवलं, म्हणून त्यांच्या आठवणींचं छोटंसं पुस्तक काढायचं ठरलंय म्हणे. "बाई, तुम्ही त्यांच्याच घरात राहिलाय. तुमच्याइतकं जवळून कुणी बघितलंय त्यांना?" मी म्हटलं, बघितलंय म्हणूनच नको म्हणते. त्यांना वाटलं बाई गंमत करतायत. चहा पिऊन, पाया पडून गेले. ते गेल्यापासून माझं डोकं जे तापलंय ते अजून उतरलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. छापा नाहीतर बंबात घाला.

मालक म्हणजे माझे घरमालक. नव्वदनंतरची काही वर्षं मी सांगलीत गावभागात त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत राहत होते आणि शाळेत विज्ञान शिकवत होते. खाली पुढच्या खोलीत त्यांचं 'मिक्सिंग' चालायचं. दोन व्हीसीआर, दोन टीव्ही, बटणांची एक पेटी आणि भिंतीला टेकून रचलेल्या कॅसेट. शूटिंगवाले तीन-चार तासांचं लग्न कॅसेटींत भरून आणून टाकायचे. मालक त्यातलं नको ते गाळायचे, हवं ते मागंपुढं जोडायचे, वर सनईचे सूर आणि बदामाच्या आकारातून उगवणारे नवरानवरी घालायचे आणि बघण्यासारखं लग्न तयार करून द्यायचे. त्या कामात त्यांचा हात धरणारा माणूस तीन तालुक्यांत नव्हता. हे मी कबूल करते, आणि कबूल करताना दात खाते.

त्यांच्या जिन्याला खिडकी नव्हती. अंधारात भाडेकरू पडतील म्हणून दुसऱ्या कुणी तिथं साधा दिवा लावला असता. मालकांनी हातभर अंतरावर, एक खाली एक वर, असे दोन झिरोचे बल्ब लावले आणि ते आलटून पालटून लागतील अशी खटपट करून ठेवली. खालचा विझला की वरचा लागायचा. पण बघणाऱ्याला दोन दिवे दिसायचेच नाहीत. एकच दिवा खालून वर सरकतोय, परत खाली येतोय, असं वाटायचं. एका संध्याकाळी दुधाचं पातेलं घेऊन चढताना त्या सरकत्या दिव्यापायी माझी पायरी चुकली. पातेलं पुढं, मी मागं. मालक आतून धावत आले. मी कोपर धरून बसलेली, दूध पायऱ्या उतरतंय, आणि हा माणूस मला विचारतो, "बाई, मधे दिसला का हो दिवा? जिथं बल्बच नाही, तिथं दिसला ना?"

मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मला उठवलं ते त्यांच्या बायकोनं, काकूंनी. मालक तोवर खिशातून खडू काढून, मला दिवा नेमका कुठं दिसला त्या जागी भिंतीवर फुली मारत होते.

बोलताना ते एका डोळ्यावर तळहात धरायचे. मग दुसऱ्या. समोरचा माणूस किती सरकतो ते बघत असत म्हणे. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटायचं, यांचे डोळे आलेत. टेबलफॅनसमोर बोटं फाकवून नाचवायचे आणि पाती थांबल्यासारखी दिसली की घरातल्या सगळ्यांना हाका मारायचे. काकू संध्याकाळी टीव्हीवरच्या मालिकेत डोळे पुसत असल्या की हे मधे जाऊन उभे राहणार आणि म्हणणार, "कुणासाठी रडतीयस? तिथं नुसते ठिपके आहेत. ठिपके उजळतायत नि विझतायत." काकू वाकून त्यांच्या कमरेच्या बाजूनं बघायच्या आणि रडणं पुरं करायच्या.

"काही हलत नाही, बाई. हलवतो आपण," हे त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य. पडद्यावर एकामागून एक स्थिर चित्रं येतात, प्रत्येकात किंचित फरक असतो, आणि त्या दोन चित्रांमधली चाल आपलं डोकं स्वतःच्या पदरचं घालून तयार करतं. "डोळा नुसता उसाच्या मोळ्या आणून टाकतो. गाडी रचणारा आत बसलाय. आणि त्याला मोकळी जागा बघवत नाही. काहीतरी कोंबतोच."

आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात होतं की एक चित्र डोळ्यात क्षणभर रेंगाळतं, तोवर दुसरं येतं, म्हणून हालचाल दिसते. मालकांनी ते काकूंच्या भाच्याच्या पुस्तकात वाचलं आणि दुसऱ्या दिवशी तडक माझ्या वर्गाच्या दारात हजर. चालू तासाला. "पोरांनो, चित्रं रेंगाळली असती तर एकावर एक बसून चिखल झाला असता. पळणारा घोडा दिसला नसता, घोड्यांचा गिचका दिसला असता. खोडा ते वाक्य." पोरांनी आनंदानं खोडलं. मुख्याध्यापकांनी त्यांना फाटकाबाहेर काढलं आणि मला आत बोलावलं. मालकांचं म्हणणं बरोबर होतं, हे मी नंतर वाचून खात्री करून घेतलं. म्हणून माझा राग कमी झाला असं मात्र नाही. बरोबर असणं हे या माणसाचं व्यसन होतं, आणि त्याच्या व्यसनाची झळ नेहमी दुसऱ्यालाच बसायची.

म्हशीचं सांगते. गल्लीच्या टोकाला एक गवळीण होती. तिच्या म्हशीचं तोंड मालकांनी कॅमेऱ्यावर घेतलं होतं. रवंथ करणारी, डोळे अर्धे मिटलेली म्हैस, बस्स. मग त्यांनी एका जागी आधी हिरव्या वैरणीचा ढीग जोडला आणि पुढं ती म्हैस. बघणारे म्हणायचे, काय खूश झालीय बघा. दुसऱ्या जागी आधी एक व्यापारी दाव्याला धरून रेडकू ओढत नेतोय असं चित्र, आणि पुढं तीच म्हैस, तेच तोंड. बायका हळहळायच्या. घरी आलेल्या प्रत्येकाला ते हे दाखवत. एकदा गवळणीलाच बोलावून दाखवलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"आगं बया! माजी म्हस कवा आशी रडली? मला कसं दिसलं न्हाई?"

"अगं, तिला तेव्हा रेडकू तरी होतं का?" मालकांनी विचारलं.

"न्हाई की," ती म्हणाली, आणि परत पडद्याकडं बघून रडायला लागली.

आम्ही सगळे पोट धरून हसलो. तेव्हा हसू येण्यासारखंच होतं.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न त्या उन्हाळ्यात झालं. आमचं माहेर कडेगावजवळच्या एका खेड्यातलं, तिला दिली वडूजला. शूटिंगवाला कडेगावचा, आणि मिक्सिंग आमच्या मालकांकडं. "बाईंच्या बहिणीचं लग्न, माझ्याकडून आहेर समजा," असं ते म्हणाले होते. लग्नसराईत कामं तुंबली होती, त्यामुळं कॅसेट तयार व्हायला नागपंचमी उजाडली. एक प्रत वडूजला गेली, एक आमच्याकडं. धाकटी पंचमीला माहेरी आलेलीच होती. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, भाड्यानं व्हीसीआर आणला. दुपारी दाराला घोंगडं टांगून खोलीत अंधार केला आणि निम्मी आळी आत येऊन बसली.

साखरपुड्यापासून सगळं छान चाललं होतं. लोक स्वतःला बघून ओरडत होते. मग आहेर आला. अण्णा विहीणबाईंच्या, म्हणजे धाकटीच्या सासूच्या, हातात साडी देतात. अण्णांचा वाकलेला चेहरा, साडी, हात. आणि पुढच्या क्षणाला विहीणबाईंचा चेहरा पडदाभर. नाक मुरडलेलं, ओठ एका बाजूला गेलेले, मान झटक्यात वळवलेली. मग लगेच पुढं अक्षता.

चुलतीच पहिली बोलली, "आगं, कसं नाक मुरडलं बघ त्या बाईनं."

अण्णांनी कॅसेट मागं घ्यायला लावली. परत बघितलं. आणखी एकदा मागं घ्यायला लावली.

आता मी काय सांगते ते नीट ऐका. साडीचं ताट घेऊन त्या वेळी मी अण्णांच्या शेजारी उभी होते. विहीणबाईंनी साडी घेतली, कपाळाला लावली, हसल्या आणि म्हणाल्या, "रंग लय झ्याक हाय." हे मी कानांनी ऐकलंय. अण्णाही तिथंच होते, माझ्यापेक्षा जवळ. त्या दिवशी रात्री जेवताना त्यांनी स्वतः आईला सांगितलं होतं, "विहीणबाईला लुगडं पसंत पडलं." मी हे सगळं त्यांना तिथंच, त्या घोंगडं टांगलेल्या खोलीत सांगितलं.

"म्हणली आसंल," अण्णा म्हणाले. "तोंडानं म्हणली, नाकानं दावलं. मला तवाच दिसलं हुतं. पोरीच्या लग्नात वाईट नगं म्हणून गप बसलो."

तवाच दिसलं हुतं! तीनदा कॅसेट बघून झाल्यावर त्या माणसाच्या डोक्यातलं खरं लग्न पुसलं जाऊन तिथं मालकांनी जोडलेलं लग्न बसलं होतं, आणि ते पहिल्यापासून तिथंच होतं अशी त्यांची पक्की खात्री होती.

पंचमी झाल्यावर दाजी धाकटीला न्यायला आले. अण्णांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं, "आदी तुमच्या आईनं हितं यावं. चार मानसांत सांगावं, आमचा आहेर का हलका वाटला ते. मग न्या." दाजी बिचारे खाली मान घालून परत गेले. गणपती झाले, दसरा तोंडावर आला. धाकटी पाण्याला निघाली की आळीतल्या बायका विचारायच्या, "कवा जाणार गं?" हळूहळू तिनं पाण्याला जाणं सोडलं. लग्नाला सहा महिने झाले नव्हते आणि पोरगी टाकल्यासारखी घरात बसून होती. आई सांगत होती, रोज बॅग भरते नि रोज उपसते.

गणपतीला गावी हे सगळं बघून मी सांगलीला आले ती थेट मालकांच्या खोलीत शिरले. विचारलं, तो चेहरा तुम्ही कुठून आणला?

मालक खुशीत होते. "छान बसलाय ना?"

"कुठून आणला?"

"जेवणातनं. तुमच्या शूटिंगवाल्यानं आहेराच्या वेळी तिचा चेहरा घेतलाच नव्हता. नुसते हात. तिथं चेहरा पाहिजेच होता, मोकळं मोकळं वाटत होतं. पंगतीत मठ्ठ्यातली मिरची चावली गेली तिच्या दाताखाली, ते तोंड आहे ते. मागं मांडवाचंच कापड. जोड कळत नाही."

"हसणारा एकही चेहरा नव्हता तिचा?"

"होता की. दोन ठिकाणी होता. पण तो बसत नव्हता. मऊ पडत होता. हा बसला."

मऊ पडत होता! मी घडलेलं सगळं त्यांना सांगितलं, अण्णांनी काय म्हटलं तेही. वाटलं होतं, निदान जीभ चावतील. त्यांनी एका डोळ्यावर हात धरला, काढला, आणि उठून उभेच राहिले. "स्वतः हजर होते? शेजारी उभे होते आणि म्हणाले, तेव्हाच दिसलं होतं? बाई, काय सांगताय काय! अहो, ती म्हैस काहीच नाही याच्यापुढं!"

त्यांच्या हातात चहाची बशी नसती तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. मी मूळ कॅसेट मागितली. ती शूटिंगवाल्यानं परत नेऊन तिच्यावर कधीच दुसरं लग्न घेतलं होतं. तेव्हाची रीतच ती. मिरचीही गेली, हसूही गेलं. उरलं ते मालकांनी बसवलेलं.

मग मी त्यांना सांगितलं, माझ्याबरोबर गावी चला आणि अण्णांना तुमच्या तोंडानं सांगा. ते एका पायावर तयार. पिशवीत म्हशीची कॅसेट घालून एसटीत माझ्याआधी चढले. खिडकीशी बसून वाटभर बाहेरची झाडं एका डोळ्यानं मागं पळवत होते.

परत घोंगडं टांगलं. मालकांनी म्हैस दाखवली, दोन्ही तऱ्हांनी. आळी हसली, अण्णाही हसले. मालकांनी समजावून सांगितलं की चेहरा जेवणातला आहे, मिरचीचा आहे, मी स्वतः उचलून इथं लावला. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मालक, तुमी लग्नात हुता का?"

"नव्हतो."

"मी हुतो," अण्णा म्हणाले. "म्हशीचं खोटं आसंल. ह्ये खरं हाय. आमच्या बाईनं तुमाला गळ घातली आसंल, भनीचा संसार व्हावा म्हणून. तुमी चांगलं मानूस, म्हणून खोटं बोलाय आलाय."

जोडणारा माणूस समोर बसून सांगतोय की मी जोडलं, आणि जो तिथं उभा होता तो म्हणतोय, तुम्ही काय मला सांगता! मी कपाळ बडवून घ्यायची बाकी होते. आणि मालक? मालक अण्णांकडं देवाकडं बघावं तसे बघत होते. परतीच्या एसटीत म्हणाले, "असा माणूस बघायला मिळायला भाग्य लागतं." मी जागा बदलून मागं जाऊन बसले.

आता राहिल्या विहीणबाई. पुढच्या रविवारी मी विट्याहून मायणीमार्गे वडूज गाठलं. त्या अंगणात मटकी पाखडत होत्या. मला बघून सूप ठेवलं, पाणी आणलं, आणि मी तोंड उघडायच्या आत हात जोडले.

"लय चुकलं गं बाई माजं. तुज्या बाचा आसा अपमान व्हाया नगं हुता."

"मावशी, तुम्ही काही केलं नाही. मठ्ठ्यातली मिरची चावली होती तुमच्या दाताखाली. ते तोंड तिथं नेऊन जोडलंय."

"आगं, म्या बघितलं की डोळ्यानं. माजंच तोंड हाय त्ये."

"तुमचंच आहे. पण साडी घेताना तुम्ही हसला होता. रंग झ्याक आहे म्हणाला होता. मी होते तिथं. आठवा की."

त्या खरंच आठवत होत्या. तो क्षण हाताला लागतो का ते बघत होत्या. मग मान हलवली.

"मिरची आसंल बी. पर मनात काय तरी आलंच आसंल बघ. उगंच कुणाचं तोंड आसं हुतंय व्हय? मानसाला आपल्या मनातलं सगळं कुटं कळतंय?"

मी किती समजावलं! शेजारणी त्यांना कॅसेट आल्यापासून ऐकवत होत्या म्हणे, लय नाक मुरडलंस की गं. पहिल्यांदा त्या हसण्यावारी न्यायच्या. मग रोज कुणाकुणाला दाखवताना स्वतःही बघत गेल्या, आणि बघता बघता त्यांनी गुन्हा मान्य करून टाकला. चांगली बाई होती, म्हणून. लबाड असती तर कधी मान्य केला नसता.

दसऱ्याच्या आधी त्या स्वतः आमच्या गावी आल्या. चार माणसांत अण्णांना म्हणाल्या, "चुकलं माजं. पोरीला पाठवा." अण्णांचा ऊर भरून आला. त्यांनी विहीणबाईंना साडी नेसवली, धाकटीची बॅग शेवटची भरली गेली, दाजींनी ती उचलली. सगळं गोड झालं. सगळे म्हणाले, बाई मोठ्या मनाची. धाकटीचा संसार उत्तम झाला, अजून उत्तम चाललाय, आणि मी याचं सुख मानायला हवं हे मला कळतं.

मालकांना ही बातमी कळली तेव्हा ते टाळ्या वाजवत खोलीभर फिरले. म्हणाले, "तिनंही मान्य केलं? ज्या तोंडाचं आहे त्या तोंडानं? बाई, मला वडूजला न्या. कॅमेरा घेऊन येतो. तिला परत म्हणायला लावू." काकू दारात उभ्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला जोरात सांगितलं, "आता गप बसा!" मी त्याच महिन्यात खोली सोडली. मालक सामान उतरवायला मदत करत होते. जिन्यात मला म्हणाले, "रागावलाय, पण मी खोटं एकदाही बोललो नाही हं." बोललाच नाही हो! त्यांनी ना कधी कुणाला फसवलं, ना काही लपवलं. माणसं कशी फसतात हे मात्र त्यांनी जन्मभर आवडीनं बघितलं. त्या फसलेल्यांच्या घरात पुढं काय होतं, ते बघायची आवड त्यांना नव्हती.

आणि माझंही सांगते. मी डोळे मिटून तो आहेर आठवायला बसते. ताट माझ्या हातात आहे, अण्णा वाकलेत, "रंग लय झ्याक हाय" हे शब्द स्वच्छ ऐकू येतात. पण ते बोलणारा चेहरा मिरचीचा आहे. खरं काय ते ठाऊक असून! तो हसरा चेहरा या जगात फक्त माझ्याकडं शिल्लक होता, आणि तोही मला राखता आला नाही. कुणाचं पुस्तक काढताय तुम्ही?

दोन-तीन वर्षांनी वडूजलाच, विहीणबाईंच्या पुतण्याच्या लग्नाला गेले होते. मांडवात त्यांच्या शेजारीच बसले. चांगल्या हसत होत्या, मला पुतण्याच्या खोड्या सांगत होत्या. तेवढ्यात शूटिंगवाला मोठा दिवा घेऊन आमच्या ओळीकडं वळला. उजेड अंगावर आला तशी त्यांनी पदर ओढून नाकापासून खाली सगळं तोंड झाकून घेतलं आणि मान खाली घातली. आसपासच्या बायकांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना सवय झाली असावी.

मी म्हटलं, "मावशी, घ्या की पदर खाली. छान हसत होता."

"नगं गं बाई," त्या पदराआडून म्हणाल्या. "माज्या तोंडाचा काय भरवसा न्हाई."